मणके मोजणारा कॉम्प्युटर आणि आम्ही तिघं

बिनधास्त माणसांकडे किस्से नसतात, असं माझं मत आहे. त्यांच्या लक्षातच काही राहत नाही. किस्से साठतात ते माझ्यासारख्या धास्तावलेल्या माणसांकडे! आता काय होणार म्हणून छातीत धडधडलेलं असतं ना, ती वेळ मग कायमची डोक्यात बसते. कोण कुठे उभं होतं, कोणी कुठला शर्ट घातलेला, सगळं. त्यामुळे अजूनही कुठे चार माणसं चहाला बसली आणि कोणी विचारलं, "वंदना, तू त्या डोंबिवलीच्या एक्स-रेवाल्यांकडे होतीस ना गं?" की माझं सुरू होतं. मग चहा दुसऱ्यांदा टाकावा लागतो.

साल पंच्याण्णव-शहाण्णवचं. मी आंबिवलीहून यायचे. डोंबिवली पूर्वेला, पहिल्या मजल्यावर डॉ. बर्व्यांचं क्लिनिक. एक्स-रे काढायचा मी, आणि बघून रिपोर्ट लिहायचा डॉक्टरांनी. डॉक्टर मूळचे पुण्याचे. रागावले तरी 'अहो वंदनाताई' म्हणून रागवायचे. तिसरा सुहास. ठाण्याचा मुलगा, इंजिनिअर होऊन पुढचं शिकत होता. त्याचा प्रोजेक्ट असा की एक्स-रेतले मणके कॉम्प्युटरने आपोआप शोधायचे. त्याला फिल्म हव्या होत्या, डॉक्टरांना कुतूहल होतं, म्हणून कॉलेजचा कॉम्प्युटर आमच्या स्टोअररूममध्ये येऊन बसला. फिल्म लाइटच्या पेटीवर लावायची, वरून कॅमेऱ्याने तिचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं, मग प्रोग्राम प्रत्येक मणक्याभोवती हिरवी चौकट काढून नंबर टाकणार. "एवढंच!" सुहास म्हणाला होता.

हे 'एवढंच' दोन वर्षं चाललं.

०००

पहिला दिवस. डॉक्टरांनी स्वतः निवडून एका बाईंच्या मानेची फिल्म दिली. बाजूने काढलेली, अगदी स्वच्छ. आम्ही तिघं श्वास रोखून स्क्रीनपुढे. माझी भीती वेगळीच होती. हे यंत्र चाललं तर उद्या आपली नोकरी राहणार का? घरी तेव्हा माझ्याच पगाराचा आधार होता.

खालून एकेक हिरवी चौकट उमटायला लागली. सात, सहा, पाच, चार... एकेका चौकटीला मिनिट मिनिट लागत होतं. शेवटी सुहासने टाळी वाजवली.

"सर, नऊ!"

"माणसाच्या मानेत सात मणके असतात, सुहास."

सुहासचा चेहरा उतरला. पण हार मानेल तर तो सुहास कसला! "सर, पण उंच माणसाला थोडे जास्त असू शकतात ना? म्हणजे जिराफाला वगैरे..."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "जिराफालाही सातच असतात. वरच्या दोन चौकटीत या बाईंच्या दाढा आहेत. आणि त्यातल्या एकीत चांदी भरलेली आहे!"

माझी नोकरी शाबूत आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

०००

रेखा नावाची एक पेशंट होती, दिवा स्टेशनजवळची. पंचवीस-सव्वीसची असेल. दिव्यात पाण्याची बोंब. दोन गल्ल्या पलीकडून डोक्यावर हंडे आणून आणून मान धरलेली. मी तिचा एक्स-रे काढला, आणि सुहासने उत्साहाच्या भरात तिला स्क्रीनपुढे उभं केलं. "बघा वहिनी, तुमच्या मानेचे सात मणके. हिरवं दिसतंय ना, ते."

मानेचा सातवा मणका खांद्यांच्या सावलीत झाकला जातो. एक्स-रेत तो पुष्कळदा दिसतच नाही. प्रोग्रामने सहा चौकटी काढल्या आणि थांबला.

रेखाने बोट लावून मोजलं. परत मोजलं. "सात असतात म्हणालात ना? माझा सातवा कुठे गेला?"

सुहास गडबडला. "तो... सापडत नाहीये."

झालं! त्या पोरीने तोंडात पदर कोंबला. मी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. मान हलवत गेली, पण पटलेलं दिसत नव्हतं. त्या आठवड्यात मला नीट झोप नाही. बाई घाबरून जिवाचं काही करून घेईल का, हेच डोक्यात.

आठ दिवसांनी ती आली. सोबत नवरा, सासू आणि सासूची बहीण. नवरा गंभीर. "हिचा एक मणका कमी आहे असं तुमच्या कॉम्प्युटरने सांगितलंय. पुन्हा एकदा बघा."

खांदे खाली ओढले गेले तर सातवा दिसतो. त्यासाठी पेशंटच्या दोन्ही हातात वजन द्यायचं. आमच्या वाळूच्या पिशव्या फाटलेल्या, म्हणून मी पाण्याने भरलेले दोन कॅन दिले. रेखा म्हणाली, "मॅडम, इथेपण पाणीच?"

फिल्म धुऊन आली. सातही मणके स्पष्ट! मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! पडद्याआड ती केस बांधत होती, तिला म्हटलं, "रेखा, आहे गं तुझा सातवा. अगदी जागेवर आहे. चल, बाहेर सगळ्यांना सांगू."

तिने माझा हात धरला. "मॅडम, बाहेर नका ना सांगू. आठ दिवस झाले, सासूबाईंनी मला हंडा उचलू दिला नाही."

मी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर बाहेर आले आणि सासूबाईंना म्हणाले, "मणका आहे, पण सहा महिने डोक्यावर ओझं चालणार नाही. तसं लिहूनच देतो." आणि खरंच लिहून दिलं, शिक्क्यासकट!

०००

आमचं एक्स-रे मशीन सुरू झालं की सगळ्या मजल्याचे दिवे मंद व्हायचे. तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडायचा आणि सुहासचं तासाभराचं काम जायचं. दोनदा तसं झालं तेव्हा तो रडकुंडीला आलेला. मग आम्ही नियम केला. बटण दाबायच्या आधी मी ओरडायचं, "घेते!" सुहासने आतलं काम सेव्ह करून ओरडायचं, "सेव्ह!" मग मी बटण दाबायचं.

पेंडसे आजोबा म्हणून रिटायर्ड शिक्षक होते. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेलं. त्यांना टेबलावर झोपवलं आणि म्हटलं, "आजोबा, श्वास रोखून धरा, अजिबात हलू नका." आणि ओरडले, "घेते!"

आतून उत्तर नाही. पुन्हा "घेते!" आणि एकदम सुहासची किंकाळी. "थांबा, थांबा! सेव्ह होत नाहीये! काही केल्या सेव्ह होत नाहीये!"

मी धावत आत. कॉम्प्युटर अडकलेला, सुहास घामाघूम. पाच मिनिटांनी बाहेर आले तर टेबल रिकामं! आजोबांच्या चपला तिथेच, शर्ट खुंटीवर. जिना उतरून खाली गेले, तर आजोबा आमचा हिरवा गाऊन घालून खालच्या स्टेशनरीच्या दुकानासमोर उभे. लोक बघतायत.

"अहो आजोबा, वर चला ना! असे न सांगता काय निघून आलात?"

"न सांगता? आत कोणीतरी वाचत नाहीये म्हणून तो मुलगा ओरडतोय, आणि तुम्ही मला श्वास रोखून पडायला सांगताय!"

०००

प्रोग्रामला मणका ओळखायला शिकवायचं तर आधी माणसाने ओळखून दाखवायला लागतो. म्हणजे स्क्रीनवर प्रत्येक मणक्याच्या चार कोपऱ्यांवर माऊसने खूण करायची. शेकडो फिल्म. डॉक्टरांना वेळ नसायचा, म्हणून काही फिल्म त्यांनी केल्या आणि बाकीच्या माझ्यावर आल्या. मी प्रत्येक खूण करताना घाबरायचे. आपण चुकलो तर कॉम्प्युटर चुकीचंच शिकणार, आणि मग तो जगभर चुकत राहणार! एकेका कोपऱ्याला पाच पाच मिनिटं घ्यायचे.

एक दिवस सुहास कागद घेऊन आला. "सर, वंदनाताईंच्या आणि तुमच्या खुणांमध्ये फरक किती येतो ते काढलं."

डॉक्टर म्हणाले, "येणारच. वंदनाताई, वाईट वाटून घेऊ नका. शेवटी अनुभव लागतो."

"तसं नाही सर. मी तुम्हाला एकच फिल्म महिन्याभराने परत दिलेली, न सांगता. तुमच्या पहिल्या खुणा आणि तुमच्याच दुसऱ्या खुणा, यांच्यात त्याहून जास्त फरक आहे."

मला वाटलं, संपलं. सुहासचा कॉम्प्युटर आज रस्त्यावर जाणार आणि माझी पिशवीही. डॉक्टर आत गेले, दिवसभर रिपोर्ट लिहीत बसले. संध्याकाळी निघताना माझ्या टेबलापाशी थांबले.

"वंदनाताई, उद्यापासून कोपरे तुम्हीच लावायचे. सगळे. माझेसुद्धा पुन्हा लावा."

०००

त्या कोपऱ्यांनी माझी नजरच बिघडली. माणूस समोर आला की मला आधी त्याची मान दिसायची. कोणी वाकून बसलंय, कोणी ताठ धरलंय. आणि त्याच दिवसांत आईने मला बघायला कल्याणचं स्थळ बोलावलं.

मुलगा चांगला होता, बँकेत. पण पोह्यांची बशी देताना बघितलं, तर हा मान वळवतच नाही! डावीकडून बाबांनी काही विचारलं की सगळा खांद्यापासून वळतो. मी गप्प बसायचं ठरवलेलं. खरंच ठरवलेलं. पण आईने "काही विचारायचं असेल तर विचार गं" म्हटलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पाच आणि सहाच्या मध्ये दुखतं का?"

खोलीत कोणाला काहीच कळेना. पण मुलगा इतका प्रामाणिक की म्हणाला, "नाही, पाच-सहाच्या मध्ये नाही. सकाळी सातला उठलो की जास्त दुखतं!"

"काही दुखत नाही त्याला!" त्याची आई उसळली. पोहे तसेच राहिले. दारापर्यंत पोचवायला गेले तर बाई माझ्याकडे बघेनात. आई माझ्याशी चार दिवस बोलली नाही. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आता आंबिवलीपासून कल्याणपर्यंत मला कोणी विचारणार नाही, असंच वाटत होतं.

पंधरा दिवसांनी तो क्लिनिकमध्ये आला, एकटाच. हातात डॉक्टरची चिठ्ठी. "स्थळ म्हणून नाही आलोय," म्हणाला, "पेशंट म्हणून."

फिल्म मीच काढली. पाचव्या आणि सहाव्याच्या मध्येच होतं. मी त्याला दाखवलं. तो म्हणाला, "तुम्ही त्या दिवशी बोलला नसता ना, तर आई अजून वर्षभर तेलच चोळत बसली असती."

पुढे त्याचं लग्न झालं, दुसऱ्या मुलीशी. पत्रिका क्लिनिकच्या पत्त्यावर आली. वर नाव होतं, 'एक्स-रेवाल्या मॅडम, सहकुटुंब'.

आईने ती पत्रिका बघितली. म्हणाली, "सहकुटुंब! तेच तर व्हायचं होतं!"

०००

आणि हिराजीकाकांचा किस्सा.

काका कळव्याच्या खाडीवरचे, कोळी. पन्नाशी उलटलेली, पण होडी अजून स्वतः ढकलायचे. मुलगी डोंबिवलीत दिलेली, तिने त्यांना ओढून आणलेलं. तीन महिने कंबर दुखत होती आणि अंगात सारखी कणकण. काकांचं म्हणणं, "मना काय झायला नाय. पोरीला उगाच भ्या वाटतं."

तोवर सुहासचा प्रोग्राम मानेवरून कमरेवर आला होता. कमरेत पाच मणके. काकांच्या फिल्मवर चौकटी आल्या चार. एक, दोन, मग मोकळी जागा, मग चार, पाच. तिसरा नाही.

"श्या!" सुहासने कपाळावर हात मारला. सोमवारी त्याचे कॉलेजचे सर काम तपासायला येणार होते, आणि आज बुधवार.

डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली. "आतड्यात वायू आहे बराच. त्याच्या सावलीत मणक्याची कड हरवते. विशेष काही दिसत नाही."

सुहासला वाटलं, प्रोग्राम चुकला. डॉक्टरांना वाटलं, वायू. आणि मला वाटलं, फिल्म मी काढलेली, म्हणजे चूक माझीच. घरी भाकऱ्या थापताना तेच, सकाळी गाडीत तेच. गुरुवारी क्लिनिक उघडल्या उघडल्या ती फिल्म घेतली आणि कॉम्प्युटरशिवायच, पेन्सिलने, तिसऱ्या मणक्याचे कोपरे स्वतः लावायला बसले. वरचे दोन लागले. खालचे दोन लागेनात. भिंग घेतलं. वायूची सावली होती, खरं आहे. पण तिच्या आतून कड शोधायची मला सवय होती, आणि कड नव्हती. कुरतडल्यासारखी दिसत होती.

"डॉक्टर, तिसऱ्याचे खालचे कोपरे मला सापडत नाहीत."

डॉक्टर लिहायचे थांबले. "तुम्हालासुद्धा?"

काकांना परत बोलवायचं ठरलं. फोन होता त्यांच्या आळीतल्या किराणा दुकानात. मी दुकानदाराला नीट सांगितलं की घाबरायचं काही नाही, पोट साफ करून या, परत एक फोटो काढायचाय. तो निरोप घरापर्यंत पोचेस्तोवर त्याचं काय झालं देव जाणे! शुक्रवारी काकांबरोबर अकरा माणसं आली. दोन बायका जिन्यातच डोळे पुसत होत्या. काका म्हणाले, "बाय, मी अजून जिता हाय, ह्यांना जरा सांग!"

मी दुसरी फिल्म काढली. बटण दाबायच्या आधी दोनदा देवाचं नाव घेतलं. फिल्म आली. वायू गेला होता. कड तरीही नव्हती.

डॉक्टरांनी त्याच वेळी चिठ्ठी लिहून काकांना ठाण्याला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. पुढे तपासण्या झाल्या आणि मणक्याचा टीबी निघाला. वेळेत सापडला. आणखी काही महिने गेले असते तर पाय गेले असते, असं तिथल्या डॉक्टरांनी मुलीला सांगितलं. काकांनी वर्षभराहून जास्त गोळ्या खाल्ल्या, कमरेला पट्टा लावला, शिव्या घातल्या आणि बरे झाले. पहिल्यांदा परत होडीवर गेले तेव्हा आमच्यासाठी टोपलीभर कोलंबी घेऊन आलेले. डॉक्टरांना चालत नाही म्हणून त्यांच्या वाटचीही मीच नेली.

पण मला सांगायचंय ते शनिवारचं. काकांना ठाण्याला पाठवल्याच्या दुसऱ्या दिवसाचं.

सुहास गुरुवारपासून स्टोअररूमचं दार लावून बसलेला. जेवायलाही बाहेर येत नव्हता. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. सकाळी डॉक्टर मला म्हणाले, "चला, त्याला सांगू या. त्याच्या प्रोग्रामला जे दिसलं नाही, ते खरंच तिथे नव्हतं. फार खूश होईल पोरगा." डॉक्टरांना इतकं हसताना मी क्वचित बघितलेलं.

दार उघडलं. सुहास उभाच राहिला. दाढी वाढलेली, डोळे लाल, पण चेहरा उजळलेला.

"सुहास, त्या बुधवारच्या फिल्मबद्दल एक..."

"सर, एक मिनिट! आधी मी दाखवतो!"

त्याने बटण दाबलं. स्क्रीनवर हिराजीकाकांची कंबर आली. पहिली चौकट. दुसरी. मग तिसरी! सरळ, नीटनेटकी, चारही कोपरे चोख. मग चौथी, पाचवी.

"बघितलंत, सर? मधला सापडला नाही तर आता तो वरच्या आणि खालच्या मणक्यावरून अंदाज घेतो आणि चौकट भरून टाकतो. सोमवारी सरांना दाखवायला एकदम क्लीन! आता मणका सापडला नाही असं कधी होणारच नाही. कुठलाही पेशंट आणा!"

मी त्या हिरव्या चौकटीकडे बघत राहिले. डॉक्टरांनी हळूच स्टूल ओढलं आणि बसले.

"सुहास, आधीचा प्रोग्राम ठेवला आहेस का रे?"

"नाही ना सर," सुहास खुशीत म्हणाला. "जागा पुरत नव्हती. पुसून टाकला!"